कीबोर्डवर यमनाचे सूर बरोबर लागतात, पण यमन का होत नाही?

राजारामपुरीकर

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मुलीसाठी काही वर्षांपूर्वी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला होता. ती शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि कीबोर्ड कपाटावर पडून राहिला. या उन्हाळी सुट्टीत मी तो खाली उतरवला आणि लहानपणापासून आवडणारा यमन त्यावर वाजवता यावा एवढी एकच इच्छा धरून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर पाऊण तास बसू लागले.

रागाची माहिती मी संगीताच्या प्रवेशिका परीक्षेच्या पुस्तकातून घेतली: थाट (रागाचा मूळ स्वरसंच) कल्याण, मध्यम (म) तीव्र, बाकी सर्व स्वर शुद्ध, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), संवादी म्हणजे त्याखालोखाल महत्त्वाचा स्वर निषाद (नि), वेळ रात्रीचा पहिला प्रहर. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, हा सा धरला तर मध्यमापुरती काळी तीन (तिसरी काळी पट्टी) लागते आणि उरलेल्या सगळ्या पट्ट्या पांढऱ्या असतात, त्यामुळे बोटांना अडचण अशी आली नाही. पंधरा दिवसांत आरोह-अवरोह आणि काही अलंकार (सरावाचे स्वरक्रम) दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीतही, न अडखळता येऊ लागले. माझ्या सासूबाईंनी तरुणपणी देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेतल्या पुष्कळ बैठका ऐकलेल्या आहेत. त्या शेजारच्या खोलीतून ऐकतात आणि दर वेळी एकच गोष्ट सांगतात: "सूर यमनाचे आहेत, पण हा यमन नव्हे." कारण विचारले तर त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही. त्या गुणगुणून दाखवतात, आणि ते ऐकताना मलाही पटते की त्यांच्या गुणगुणण्यात जे आहे ते माझ्या वाजवण्यात नाही.

एकही चुकीचा स्वर लागत नसताना राग का उभा राहत नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडून आणखी काही शंका आहेत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांच्या वाद्यावर मुळातच अशक्य आहे, की त्यावर काही उपाय आहे? मी दोन कीबोर्ड वर्गांत चौकशी केली, तेथे डाव्या हाताने कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) धरून चित्रपटगीते वाजवायला शिकवतात. राग वाजवताना डाव्या हाताने काय करायचे? आणि हे वाद्य रागासाठी अपुरेच असेल, तर पुढे जाण्याआधीच सरळ पेटी (हार्मोनियम) घ्यावी का? वय ४७ आहे, गळा साधारण आहे, घाई मात्र अजिबात नाही. कृपया मार्गदर्शन करावे.


जुना पेटीवादक, मंगळवार पेठ

ताई, आपल्या सासूबाईंचा कान पक्का आहे. त्या घरात आहेत तोवर आपल्याला निम्मा गुरू घरातच मिळाला आहे असे समजावे.

आपण जे वाजवता आहात ती यमनाची स्वरसामग्री आहे. भूप आणि देशकार हे दोन राग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल. दोन्हींत सा रे ग प ध हे पाचच स्वर आणि पाचही शुद्ध. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर विसावणारा, खालच्या आणि मधल्या स्वरांत रमणारा. देशकार सकाळचा, धैवत उचलून धरणारा आणि उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात, वावरणारा. पट्ट्यांकडे पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील, परंतु ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यातच फरक कळतो. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करायचा, कोठून कोठे जाताना मधला कोणता स्वर ओलांडायचा आणि कोठे परत फिरायचे, या सगळ्याला आपण चलन म्हणतो, आणि राग चलनात असतो. सरळ आरोह-अवरोहात तो जेमतेम दिसतो.

आता यमनापुरते बोलतो. खाली बिंदू म्हणजे मंद्र (खालचे) सप्तक, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, आणि सां म्हणजे तार षड्ज (वरचा सा), अशी खूण येथे धरावी. आपण सा रे ग म॑ प ध नि सां असे पायऱ्या चढल्याप्रमाणे जाता. यमन गाणारा बहुतेक वेळा तसा चढत नाही. तो सुरुवात नि़ रे ग अशी करतो, म्हणजे षड्ज मुद्दाम ओलांडतो. पुढे ग म॑ ध नि सां असा जातो, म्हणजे पंचमही ओलांडतो. उतरताना पंचमावर प्रशस्त थांबतो, मग म॑ ग असे येऊन गंधारावर पुन्हा थांबतो, आणि शेवटी रे, नि़ रे सा असा घरी येतो. आरोहात सा आणि प बाजूला राहतात म्हणूनच ते जेव्हा लागतात तेव्हा मन भरून येते. आपण ते दर फेरीत वाजवून टाकता, त्यामुळे त्यांचे आगमन झाल्यासारखे वाटतच नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की अलंकार आणि दुगुन एक महिना पूर्ण बंद ठेवावी. पहिल्या आठवड्यात फक्त ध़ नि़ सा रे ग एवढ्याच पाच पट्ट्यांवर बसावे. नि़ रे सा, नि़ रे ग, रे ग रे सा, ध़ नि़ रे सा अशी लहान लहान वाक्ये करावीत, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यावा, आणि गंधारावर आले की दोन-तीन श्वास तेथेच राहावे. पाच पट्ट्यांत अर्धा तास कंटाळा न येता काढता आला, तर पुढच्या आठवड्यात तीव्र मध्यम आणि पंचम घ्यावेत. पुस्तक मिटून ठेवावे असे मी म्हणणार नाही. स्वरलेखनाचे मोल मोठे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर आणि मुंबईचे भातखंडे यांनी आपापल्या लेखनपद्धती घालून दिल्या म्हणून आज कोणालाही बंदिश वाचता येते. परंतु लिहिलेला गंधार किती वेळ टिकवायचा आणि त्याला रिषभाचा (रे) कण, म्हणजे निसटता स्पर्श, कसा लावायचा, हे कागदावर मावत नाही, ते ऐकूनच घ्यावे लागते.

पेटी घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर आज तरी नाही असे आहे. पट्ट्यांचे वाद्य रागाला पारखे आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांची आठवण ठेवावी. त्यांची पेटी भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला होती, आणि त्या काळातल्या पेटीलाही मींड नव्हती. पेटीवर मींडेचा भास निर्माण करण्याची जुनी रीत अशी की पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत आधीची पट्टी सोडायची नाही, आणि जाता जाता मधल्या स्वराला बोटाचा हलका स्पर्श द्यायचा. ही रीत कीबोर्डवरही चालते. बोट पट्टीवर आपटू नये, ठेवावे.


वाद्यवृंद, इचलकरंजी

मी गेली वीस वर्षे भजन आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्डची साथ करतो. काकांनी रागाविषयी सांगितले ते सर्व मान्य करून मी केवळ वाद्याविषयी लिहितो, कारण कीबोर्डमध्ये अशा काही सोयी आहेत ज्या पेटीत नाहीत, आणि त्या बहुतेकांच्या घरी न वापरता पडून असतात.

सर्वांत आधी आवाज बदलावा. कीबोर्ड सुरू केला की बहुधा पियानोचा आवाज येतो. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, त्यामुळे गंधारावर दोन श्वास राहायचे म्हटले तर तोवर गंधार उरलेलाच नसतो. बासरी, ऑर्गन, हार्मोनियम किंवा व्हायोलिन असा पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकणारा आवाज निवडावा, आणि त्यातही ज्याला आपोआप कंप दिलेला नाही असा. घुमारा (रिव्हर्ब) अगदी थोडा ठेवावा. तालाची तयार शैली आणि कॉर्ड हे दोन्ही बंद ठेवावेत. कॉर्ड वाईट असतात म्हणून नव्हे. भावगीतात मी ते रोज वाजवतो. परंतु यमन शिकताना कानाला एकच आधार हवा, तो षड्जाचा. डाव्या हाताने कॉर्ड बदलत राहिलो की कान प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वराला घर समजू लागतो आणि षड्ज हातातून निसटतो. शिवाय तीव्र मध्यमाखाली चुकून शुद्ध मध्यम असलेला कॉर्ड आला, तर दोन्ही मध्यम एकमेकांवर आदळतात.

डाव्या हाताचे खरे काम पिच बेंडच्या, म्हणजे स्वर वर-खाली वाकवणाऱ्या, चाकावर आहे. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो, आपला मोकळा आहे. बहुतेक कीबोर्डवर हे चाक डाव्या टोकाला असते, पूर्ण ढकलले तर स्वर दोन अर्धस्वर (काळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) वर किंवा खाली जातो, आणि सोडले की स्प्रिंगमुळे मधोमध परत येते. या परत येण्याचाच उपयोग करून घ्यायचा. समजा गंधारावरून रिषभावर मींडेने यायचे आहे. नवशिका गंधाराची पट्टी दाबतो आणि चाक खाली ओढतो. मग रिषभ नेमका कोठे येतो हे हाताच्या अंदाजावर राहते आणि तो बहुधा बेसूर लागतो. त्याऐवजी चाक आधी वर ढकलून ठेवावे आणि रिषभाची पट्टी दाबावी, म्हणजे ऐकू येतो तो गंधार. आता चाक हळूहळू सोडत मधोमध येऊ द्यावे. मींड संपते तेव्हा चाक विश्रांतीच्या जागी असते आणि रिषभ अचूक लागतो. मींडेचा शेवट अचूक असला की कान सुरुवातीचे थोडेफार उणे-अधिक सहन करतो.

यमनात ही युक्ती विशेष उपयोगी पडते. ग ते रे, रे ते सा, म॑ ते ग, ध ते प, नि ते ध ही सगळी अंतरे बरोबर दोन अर्धस्वरांची आहेत, आणि प ते म॑ व सां ते नि ही एकेक अर्धस्वराची. म्हणजे शेजारच्या कोणत्याही दोन स्वरांमधली मींड चाकाच्या मूळ मर्यादेत बसते. भूपात मात्र प ते ग आणि सां ते ध ही तीन अर्धस्वरांची अंतरे आहेत. त्यासाठी मर्यादा वाढवावी लागते, आणि ती वाढवली की चाक जरा हलले तरी स्वर फार सरकतो. त्यामुळे कीबोर्डवर पहिला राग यमन निवडलात हे चांगले झाले.


जुना पेटीवादक, मंगळवार पेठ

चाकाविषयी एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. मी अनेक तरुणांना ऐकले आहे. चाक हाताशी लागले की ते प्रत्येक स्वर वाकवू लागतात. मींड हा दागिना आहे, आणि स्वर स्थिर उभा राहिल्यानंतरच तो शोभतो. पहिला महिना चाकाला हात लावू नये, आणि नंतरही एका आलापात दोन किंवा तीन जागांपुरताच तो लावावा, असे माझे मत आहे. दरबारी रागातला कोमल गंधार आंदोलनाशिवाय, म्हणजे संथ झुलवल्याशिवाय, दरबारीचा होत नाही, तेथे चाकावाचून चालणार नाही. यमनाचे तसे नाही, तो सरळ स्वरांतही उभा राहतो.


मोजपट्टी, शाहूपुरी

आपण गणिताच्या शिक्षिका आहात म्हणून थोडा हिशेब मांडतो. आपल्या वाजवण्यातली एक उणीव बोटांची नाही, ती कीबोर्डच्या पट्ट्यांच्या जुळणीतच आहे.

कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा, सप्तक १२०० सेंटचे. तानपुऱ्यासमोर गाणारा माणूस मात्र स्वर समान भागांनी लावत नाही, तो षड्जाशी साध्या गुणोत्तरांत जुळवून लावतो. शुद्ध गंधाराचे गुणोत्तर ५/४ आहे आणि ते ३८६ सेंटला येते. कीबोर्डचा गंधार ४०० वर आहे, म्हणजे १४ सेंट चढा. पांढरी एक हा सा सेकंदाला २६१.६३ कंपनांचा धरला, तर ५/४ ने गंधार ३२७.०३ कंपनांवर येतो आणि कीबोर्डवर तो ३२९.६३ वर असतो. हा फरक कोणी शोधून काढायचा नसतो, तानपुराच तो दाखवून देतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार छेडली की तिच्या पाचव्या उपस्वरात (मूळ स्वराच्या पाचपट कंपनांच्या सुरात) गंधार आपोआप ऐकू येतो, आणि तो ५/४ चाच असतो. त्याच्यासमोर आपण यमनाचा वादी स्वर १४ सेंट चढा वाजवत राहता. पंचमाच्या बाबतीत फरक फक्त २ सेंटचा आहे, त्यामुळे तो कोणाला खुपत नाही. निषाद १५/८ धरल्यास १०८८ सेंटवर येतो, कीबोर्डवर ११०० वर. म्हणजे वादी आणि संवादी हे दोन्ही स्वर ठळकपणे चढे आहेत.

हा वाद जुना आहे आणि आपल्या भागाशी त्याचा जवळचा संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचे, गणित मांडले, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह त्यांनी श्रुती दाखवणारी हार्मोनियम करवून घेतली. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. त्यामागेही ही समान भागांची जुळणी आणि मींडेचा अभाव हीच मुख्य कारणे दिली जात. आपल्या हातातल्या वाद्यात मात्र यावर उपाय असू शकतो. अनेक कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग नावाची सोय असते, तिच्यात प्रत्येक पट्टी काही सेंटने वर-खाली करता येते. पुस्तिकेत शोधावे. यमनासाठी रिषभ ४ ने वर, गंधार १४ ने खाली, तीव्र मध्यम १० ने खाली, पंचम २ ने वर, निषाद १२ ने खाली, अशी सुरुवात करून पाहावी. धैवताविषयी दोन मते आहेत: ५/३ धरला तर १६ सेंट खाली, २७/१६ धरला तर ६ सेंट वर. तेथे सासूबाईंचा कौल घ्यावा.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्या विषयाच्या प्रेमापोटी सांगतो. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या आणि दर वेळी वेगळी पट्टी सा माना. काळी एक सा धरली तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गाचे स्वर मिळतात. काळी दोन धरली तर धानीचे, काळी तीन धरली तर भूपाचे, काळी चार धरली तर मधमाद सारंगाचे आणि काळी पाच धरली तर मालकंसाचे. पट्ट्या त्याच, सा बदलला की पाच रागांची सामग्री निघते. सा बदलण्याची ही मूर्च्छनेची कल्पना मला पुस्तकांतून कधी नीट कळली नव्हती, या पाच पट्ट्यांवर ती एका संध्याकाळी कळली.


राजारामपुरीकर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांची मनापासून आभारी आहे. काळ्या पट्ट्यांचा प्रयोग आजच करून पाहिला आणि मालकंसाचे स्वर निघाल्यावर काही वेळ दुसरे काही सुचलेच नाही. एक शंका विचारते. मी पुस्तकाप्रमाणे पांढरी एक हा सा धरते, परंतु त्या पट्टीत मला मंद्रातले स्वर गाता येतात आणि वरचे मुळीच पेलत नाहीत. काकांनी सांगितलेली वाक्ये वाजवण्याआधी गावीत का? आणि गायची असतील तर सा कोणता धरावा?


मिरजेची वाट

मी गाणे शिकवते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. होय, गावीतच, आणि गळा साधारण आहे म्हणून मागे हटू नये. येथे गळ्याचे काम श्रोत्यांना रिझवण्याचे नसून बोटांना रस्ता दाखवण्याचे आहे. गाताना माणसाला श्वास घ्यावाच लागतो, म्हणून वाक्य आपोआप वाक्याएवढेच राहते. बोटांना श्वास लागत नाही, म्हणून ती थांबतच नाहीत, आणि न थांबणाऱ्या वाजवण्यात वादी कोणता आणि संवादी कोणता हे ऐकणाऱ्याला कळायला जागा उरत नाही. आपल्या सासूबाई जे गुणगुणतात ते प्रथम त्यांच्या मागोमाग गुणगुणावे, आणि मगच पट्ट्यांवर शोधावे. कोल्हापुरात भूर्जीखाँसाहेबांनी वडिलांची, अल्लादियाखाँसाहेबांची, विद्या शिष्यांना दिली ती समोर बसवून, गळ्यातून गळ्यात. कीबोर्डसाठी वेगळा मार्ग असण्याचे मला काही कारण दिसत नाही.

सा विषयी सांगायचे तर बायकांचा सा साधारणपणे काळी चार, पांढरी पाच यांच्या आसपास असतो. सकाळी चहाच्या आधी, आवाज जड असताना, मंद्र पंचमापर्यंत विनासायास उतरता येईल आणि दिवसा तार गंधारापर्यंत ओढाताण न होता जाता येईल असा सा शोधावा. तो पांढरी पाच निघाला असे धरू. मग दोन मार्ग आहेत. ट्रान्स्पोजचे (सगळे स्वर अर्धस्वरांनी वर-खाली सरकवणारे) बटण पाचने खाली आणून बोटे पांढरी एकवरच ठेवावीत, म्हणजे वाजवाल पांढरी एक आणि ऐकू येईल पांढरी पाच. किंवा पांढरी पाचपासूनच वाजवायला शिकावे. तेव्हा तीव्र मध्यमासाठी काळी एक आणि निषादासाठी काळी तीन अशा दोन काळ्या पट्ट्या लागतील. पेटीवर पुढे-मागे जायचा विचार असेल तर दुसरा मार्ग घ्यावा, कारण बहुतेक साध्या पेट्यांना ट्रान्स्पोज नसतो आणि सवय मोडताना त्रास होतो.

तानपुरा सतत सुरू ठेवावा. खरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, फक्त तो मोबाइलच्या बारीक स्पीकरवर न ऐकता मोठ्या स्पीकरला जोडावा, कारण खर्ज ऐकू आला नाही तर त्यातला गंधारही ऐकू येत नाही. तबल्याची घाई करू नये. महिनाभर केवळ आलाप, आणि त्यानंतर तीनतालातली एखादी मध्यलयीची बंदिश घ्यावी. अशा पुष्कळ बंदिशींचा मुखडा (सुरुवातीचा भाग) नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'पासून, उठतो. तो आधी हाताने टाळी देत म्हणावा आणि सम (तालाची पहिली मात्रा) नेमकी शब्दाच्या कोणत्या अक्षरावर येते ते अंगात मुरल्यावरच वाजवावा.

काळ्या पट्ट्यांच्या प्रयोगाविषयी मात्र एक सांगते. तो फार सुंदर आहे, परंतु त्यातून जे निघतात ते मालकंसाचे आणि दुर्गाचे स्वर आहेत. मालकंस होण्यासाठी पुन्हा काकांच्या पहिल्या उत्तराकडेच जावे लागेल.


राजारामपुरीकर

दीड महिन्याने लिहीत आहे. या काळात यमनाखेरीज दुसरे काहीही वाजवले नाही. सा पांढरी पाच ठरला. मी ट्रान्स्पोजचा मार्ग न घेता त्याच पट्टीतून वाजवते. पहिले दहा दिवस बोटे फार चुकली, आता चुकत नाहीत. माझ्या कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंगची सोय निघाली. गंधार १४ सेंट खाली आणल्यावर तो तानपुऱ्यात इतका मिसळला की पहिल्यांदा मला तो वाजतच नाही असे वाटले. धैवत सासूबाईंच्या सांगण्यावरून १६ ने खाली ठेवला आहे. आता त्या "यमन नव्हे" असे म्हणत नाहीत. नि़ रे ग नंतर मी लवकर पुढे सरकले तर "थांब ना तिथे" असे म्हणतात.

मात्र चाकाने ग-रे मींड घेताना गंधार चढा लागतो, असे त्यांनी दोनदा सांगितले. मी हिशेब केला तेव्हा कारण सापडले. रिषभ ४ ने वर, म्हणजे २०४ सेंटवर आहे. त्यावर चाकाचे २०० मिळवले की ४०४ होतात, आणि पट्टीवरचा गंधार ३८६ वर आहे. म्हणजे एकाच आलापात माझे दोन गंधार होतात आणि त्यांत १८ सेंटचा फरक आहे. यावर काय करावे? शिवाय कीबोर्ड बंद केला की ही सगळी जुळणी पुसली जाते आणि रोज नव्याने आकडे भरावे लागतात.


वाद्यवृंद, इचलकरंजी

ताई, हा १८ सेंटचा फरक वीस वर्षे वाजवूनही मी कधी मोजला नव्हता. कान सांगत होता आणि हात आपोआप सावरत होता, एवढेच. उपाय असा की गंधार चाकावर उभा करू नये. गंधाराची पट्टी दाबून त्यावर हवे तितके राहावे, आणि मींड सुरू करायच्या क्षणी चाक वर ढकलून रिषभाच्या पट्टीवर यावे व लगेच सोडू लागावे. असे केले की चाकावरचा गंधार निमिषभरच राहतो आणि तो चढा असल्याचे कोणाला जाणवत नाही. दुसरा उपाय म्हणजे चाक पूर्ण टोकापर्यंत न नेता किंचित अलीकडे थांबवणे. तो साधायला वेळ लागतो, पण एकदा हाताला जागा कळली की कायमची कळते.

आकडे राहावेत यासाठी रजिस्ट्रेशन मेमरीची सोय पाहावी. माझ्या वाद्यावर आवाज, घुमारा, चाकाची मर्यादा आणि स्केल ट्यूनिंग हे सर्व एका क्रमांकाच्या बटणाखाली साठवता येते आणि सुरू केल्यावर ते बटण दाबले की पूर्ववत होते. आपल्या वाद्यावर ट्यूनिंग त्यात साठते की नाही हे एकदा बंद-चालू करून तपासावे. तपासायला आकडे पाहण्याची गरज नाही. हार्मोनियमचा आवाज घेऊन सा आणि ग एकत्र दाबून धरावेत. जुळणी गेलेली असेल तर दोन स्वरांत भरभर थरथर ऐकू येते, आणि ती टिकलेली असेल तर स्वर शांत उभे राहतात.